कचऱ्याचा दंड: इंग्लंडमधल्या सहाशे वर्षांची पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये फुटपाथवर सिगारेटचं थोटूक टाकणाऱ्याला स्थानिक कौन्सिल ५०० पाउंडांपर्यंत दंडाची नोटीस देऊ शकते. टेम्पोभर राडारोडा कुणाच्या शेताच्या कडेला ओतून जाणाऱ्यासाठी ही मर्यादा १,००० पाउंड आहे. जुलै २०२३ पासून लागू झालेले हे आकडे एकमेकांच्या इतके जवळ का, हे कळायला मागे जावं लागतं.

सुरुवात फार जुनी आहे. १३८८ मध्ये दुसऱ्या रिचर्डच्या काळात केंब्रिजला भरलेल्या पार्लमेंटने शहरांजवळच्या खंदकांत आणि नद्यांत शेण, जनावरांची आतडी आणि घाण टाकायला बंदी केली. दंड होता २० पाउंड, त्या काळात डोळे पांढरे करणारी रक्कम. घाणीमुळे हवा दूषित होऊन रोगराई पसरते, अशी तेव्हाची समजूत होती.

पुढची अनेक शतकं कायद्याचा भर कचरा उचलण्यावर राहिला. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने स्थानिक संस्थांच्या सफाईच्या अधिकारांना पक्की चौकट दिली. रस्त्यात कागद भिरकावणारा माणूस कायद्याच्या नजरेत ठळकपणे आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, वेष्टनांचा सुकाळ झाल्यावर. १९५४ मध्ये ग्रामीण महिलांच्या विमेन्स इन्स्टिट्यूटने ठराव केला आणि त्यातून ‘कीप ब्रिटन टायडी’ ही मोहीम उभी राहिली. १९५८ चा लिटर अ‍ॅक्ट, म्हणजे रस्त्यावर कचरा टाकण्याविरुद्धचा कायदा, त्यानंतरचा. त्यात कमाल दंड १० पाउंड होता, म्हणजे आकड्याने १३८८ च्या निम्मा.

बेकायदा कचरा ओतणं, ज्याला तिथे फ्लाय-टिपिंग म्हणतात, ही मात्र वेगळीच गोष्ट आहे. थोटूक टाकणारा बेफिकीर असतो. टेम्पो रिकामा करणारा पैसे वाचवत असतो. १९६७ च्या सिव्हिक अमेनिटीज अ‍ॅक्टने कौन्सिलना मोठ्या सामानासाठी जागा उपलब्ध करून द्यायला लावलं. रहिवाशांना जुन्या गाद्या, कपाटं तिथे फुकट टाकता यावीत, हा हेतू. मला हा सगळ्या मालिकेतला सर्वांत शहाणा कायदा वाटतो, कारण त्याने नियम पाळणं सोपं केलं.

१९७२ च्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या ननीटन शहराजवळच्या पडीक जागेत, जिथे मुलं खेळायची, सायनाइडयुक्त कचऱ्याची पिंपं सापडली. देश हादरला. काही आठवड्यांतच विषारी कचऱ्यावरचा कायदा मंजूर झाला आणि १९७४ च्या प्रदूषण नियंत्रण कायद्याने कचऱ्याच्या जागांना परवाना सक्तीचा केला. आजच्या व्यवस्थेचा कणा १९९० चा पर्यावरण संरक्षण कायदा आहे. त्याच्या ३३ व्या कलमाखाली बेकायदा कचरा टाकणं हा गुन्हा ठरतो. त्यासाठी न्यायालय आज अमर्याद दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद देऊ शकतं. रस्त्यावर कचरा टाकल्याबद्दल जागीच नोटीस देण्याचा अधिकार कौन्सिलना देशभर मिळाला तोही याच कायद्याने.

खरी कलाटणी दिली कराने. ऑक्टोबर १९९६ मध्ये लँडफिल टॅक्स आला. कचरा पुरण्यावर टनाला ७ पाउंड हा त्याचा मुख्य दर होता. एप्रिल २०२५ मध्ये तो १२६.१५ पाउंडांवर गेला. पुरण्याऐवजी पुनर्वापर वाढावा हा हेतू योग्यच होता, पण चोरून ओतण्यातली बचतही त्याबरोबर वाढली. स्वस्तात घर रिकामं करून देणारा ‘मॅन विथ अ व्हॅन’ नाक्यानाक्यावर दिसू लागला. २०२३-२४ मध्ये इंग्लंडच्या कौन्सिलनी फ्लाय-टिपिंगच्या सुमारे ११.५ लाख घटना नोंदवल्या.

प्रत्येक टेम्पोवाल्याला कोर्टात खेचणं वेळखाऊ, पुरावे जमवणं अवघड. म्हणून मे २०१६ पासून लहान प्रकरणांत कौन्सिललाच ४०० पाउंडांपर्यंत दंडाची नोटीस देता येऊ लागली. जानेवारी २०१९ पासून घरातला रहिवासीही कचाट्यात आला: नेणाऱ्याचा परवाना न तपासता कुणालाही कचरा दिला तर नोटीस त्याच्याही नावे. २०२३ च्या वाढीने रहिवाशाच्या दंडाची मर्यादा ६०० पाउंडांवर नेली.

थोटूकवाला हाताशी सापडतो, टेम्पोवाला रात्री येऊन जातो, त्यामुळे नोटिसा सोप्या सावजावर पडण्याचा धोका राहतो. काही कौन्सिलनी हे काम खासगी कंपन्यांना दिलं आणि नोटिशीमागे पैसे मिळत असल्याने त्या कमाईसाठी दंड करतात, असे आरोप झाले. एप्रिल २०२४ पासून या दंडाचा पैसा सफाई आणि अंमलबजावणीवरच खर्च करण्याचं बंधन कौन्सिलवर आहे.