होडीची हंगामपूर्व तयारी (सातारा-सांगली)

बरेच महिने काठावर किंवा शेडमध्ये ठेवलेली होडी, लाँच किंवा यांत्रिक बोट पुन्हा पाण्यात घालण्यापूर्वी तिची तपासणी, डागडुजी आणि चाचणी करावी लागते. थंड देशांत तळी गोठतात, म्हणून तिथल्या बोटी हिवाळाभर काठावर राहतात आणि वसंतात बाहेर निघतात. कृष्णेच्या खोऱ्यात थंडीने बोट अडत नाही. इथे सगळे पावसावर ठरते, आणि तेही दोन उलट तऱ्हांनी. सातारा जिल्ह्यात कोयनेच्या जलाशयावरच्या पर्यटकांच्या बोटी पावसाळ्यात विसावतात आणि पाऊस ओसरला की निघतात. सांगलीच्या पूरपट्ट्यातल्या बोटींचा हंगामच पावसाळा. बाकीचे महिने त्या पडून असतात. त्यामुळे एकीकडे तयारी आश्विनात, तर दुसरीकडे वैशाखात.

कोयना धरण १९६४ मध्ये पूर्ण झाले. त्याचा शिवसागर जलाशय १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) क्षमतेचा असून त्याचे पाणी महाबळेश्वर तालुक्यातील तापोळ्यापर्यंत पसरते. तापोळा आणि जावळी तालुक्यातील बामणोली ही इथली बोटींची मुख्य ठाणी. वासोटा किल्ल्याला जाणारे बामणोलीतूनच बोटीने जातात. ती वाट पावसाळ्यात बंद असते. पलीकडच्या कांदाटी खोऱ्यातल्या गावांना मात्र भर पावसातही लाँच लागते. म्हणून तिथल्या लाँचची कामे सवडीने होत नाहीत, खेपांच्या मधल्या वेळात उरकावी लागतात.

सांगाडा व तळ : विसाव्याला ठेवलेल्या बोटीचे नाक उंच ठेवून मागचे बूच काढून ठेवतात, म्हणजे ताडपत्रीतून झिरपलेले पाणी वाहून जाते. पाण्यात घालताना हेच बूच लावायचे राहते, म्हणून जाणते नावाडी ते किल्लीच्या जुडग्यालाच बांधून ठेवतात. गोड्या पाण्यात समुद्रासारखे शिंपले तळाला चिकटत नाहीत. शेवाळ आणि गाळ मात्र बसतो. तो ओला असतानाच घासला तर सहज निघतो. फायबरचा तळ नाण्याने टकटक करून पाहतात. टणक, मोकळा आवाज आला तर थर शाबूत; आवाज बद्द आला तर थर सुटलेत किंवा आत पाणी मुरले आहे. तेवढा भाग खरवडून, पूर्ण वाळवून, मगच राळ आणि काचकापड लावावे. ओल्यावर लावलेले ठिगळ टिकत नाही. लोखंडी लाँचचा गंज पत्र्यापर्यंत खरवडून रेड ऑक्साइड (गंज रोखणारे अस्तर) आणि त्यावर रंग, एवढे पुरते. लाकडी होडीचे वागणे वेगळे. उन्हात तिच्या फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात. फटीत तेलात भिजवलेला कापूस ठोकून वर डांबर लावले, तरी पहिल्या दिवशी ती थोडी गळतेच. काठाशी बांधून पाण्यात मुरू दिली की लाकूड फुगून सांधे आपोआप आवळतात. तोवर तिच्यात माणसे बसवू नयेत.

इंजिन : बाहेर टांगलेल्या इंजिनात सर्वात आधी इंधन बघावे. सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतला ओलावा ओढते, आणि ओलावा फार झाला की पाणी व इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होते आणि टाकीच्या तळाशी बसते. म्हणून जुने पेट्रोल बोटीला वापरू नये, फिल्टरही बदलावा. खालच्या गिअरपेटीचे तेल थोडेसे काढून पाहावे. ते दुधाळ चहासारखे दिसले, तर सील (पाणी आत येऊ न देणारी रबरी कडी) गेले आहे आणि आत पाणी शिरले आहे. हे सील बहुधा जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याने कापले जाते. तो दोरा पंख्यामागे दांड्याला गुंडाळलेला असतो आणि पंखा उतरवल्याशिवाय दिसत नाही.

इंजिन गार ठेवणारे पाणी रबरी पात्यांचा पंप ओढतो. पाती एका अंगाला वाकून कडक झाली असतील, तर पंप बदलावाच. इंजिन कोरडे कधीही फिरवू नये, पाती काही क्षणांतच जळतात; पिंपात पाणी भरून त्यात इंजिनाचे पाय बुडवून चालू करावे. चालू होताच बाजूच्या बारीक भोकातून पाण्याची धार यायला हवी. धार नसेल तर पंपाला दोष देण्याआधी त्या भोकात तार घालावी. कुंभारमाशी नेमक्या अशाच भोकांत मातीचे घर बांधते. टाकीच्या हवेच्या नळीतही तेच. बॅटरी पूर्ण भरल्यावर, थोडा वेळ तशीच ठेवून मोजली असता साधारण १२.६ व्होल्ट दाखवायला हवी.

पूरपट्ट्यातील बोटी : सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. त्याच पुरात ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटली आणि लहान मुलांसह अनेकांचा जीव गेला. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. घराला पाण्याने वेढा पडलेला असताना कोणाला मागे ठेवायचे हे काठावर उभे राहून ठरवता येत नाही. म्हणून क्षमतेचा आकडा मे महिन्यातच बोटीच्या दोन्ही बाजूंना ठळक रंगवणे आणि तेवढी लाइफ जॅकेट मोजून बोटीजवळच ठेवणे, हे इथल्या तयारीतले सर्वात मोलाचे काम आहे. जॅकेटचे पट्टे ओढून पाहावेत, बकले लावून पाहावीत. गोदामात उंदीर फोम कुरतडतात.

हवेची रबरी बोट पूर्ण फुगवून रात्रभर ठेवतात आणि झडपांवर व शिवणींवर साबणाचे पाणी लावतात. बुडबुडे आले की गळती सापडली. दुपारच्या उन्हात हवा प्रसरण पावते, म्हणून दाब सकाळीच मोजावा. वल्ही, दोर आणि हवेचा पंप बोटीसोबतच राहिले पाहिजेत. १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा घेणाऱ्या अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ मध्ये यांत्रिक बोटींची नोंदणी आणि तपासणी सांगितलेली आहे, तेव्हा कागदपत्रांची मुदतही याच वेळी पाहावी. शेवटी नदी शांत असताना माणसांऐवजी वाळूची पोती भरून एक फेरी मारतात. पूर्ण भाराने बोट किती बसते, कोणत्या अंगाला कलते आणि उलट्या प्रवाहात इंजिन तिला ओढते का, हे त्याच फेरीत कळते.