आधी तुरुंग, मग छप्पर: कौटुंबिक हिंसाचार कायद्याची पार्श्वभूमी

नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन बाई चौकीत गेली की बरीच वर्षं ठरलेलं उत्तर मिळायचं: "घरगुती मामला आहे, समजुतीनं घ्या." 1961 चा हुंडा प्रतिबंधक कायदा होता, पण तो देण्याघेण्यापुरता. सासरच्या रोजच्या छळाला कायद्यात स्वतंत्र कलमच नव्हतं.

1982 मध्ये पुण्यात लग्नाला जेमतेम चार महिने झालेल्या एका तरुणीचा विषबाधेने मृत्यू झाला. बहिणीला आणि मैत्रिणीला तिने लिहिलेली पत्रं कोर्टात आली. सेशन्स कोर्टाने नवऱ्याला फाशी ठोठावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संशयाचा फायदा देऊन त्याला सोडलं. ही आत्महत्याही असू शकते, असं कारण देऊन. परिस्थितिजन्य पुरावा कसा तोलावा, यासाठी वकील आजही हा निकाल काढतात. पत्रांत उमटलेली घुसमट मात्र त्यात मागे पडते. दरम्यान स्त्री संघटनांच्या रेट्यामुळे 1983 च्या अखेरीस भारतीय दंड संहितेत 498अ कलम आलं होतं: क्रूर वागणुकीला तीन वर्षांपर्यंत कैद, तीही अजामीनपात्र. 1984 मध्येच टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. बाईचं म्हणणं ऐकायला पोलिसांच्याच आवारात समाजकार्यकर्ती बसली, हा बदल माझ्या मते कलमाइतकाच मोठा होता.

तरी एक गोष्ट राहिलीच. नवरा कोठडीत गेला, पण बाईने रात्री राहायचं कुठे? सासरची दारं बंद, माहेरचे म्हणणार "नांदायला जा", आणि पोटगीच्या दाव्यात तारखांवर तारखा. फौजदारी कलमाकडे याचं उत्तर नव्हतं.

त्यासाठी दिवाणी स्वरूपाचा दिलासा हवा होता. 2002 मध्ये सरकारने विधेयक आणलं, पण त्यात 'सवयीने' केलेल्या मारहाणीचीच भाषा होती, शिवाय स्वसंरक्षणाची पळवाट नवऱ्यालाच. म्हणजे एखाद-दुसरी थप्पड चालेल! स्त्री संघटनांनी ते हाणून पाडलं. 'लॉयर्स कलेक्टिव्ह' या वकिलांच्या संस्थेने पुढे केलेल्या मसुद्याच्या आधारावर 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा झाला आणि 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. शारीरिक, लैंगिक, मानसिक आणि आर्थिक अशा चारही प्रकारच्या छळाला त्यात जागा मिळाली. लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या स्त्रीलाही संरक्षण मिळालं. कलम 17 म्हणतं, घरावर मालकी असो-नसो, एकत्र नांदलेल्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे.

हा हक्क दोन महिनेही टिकला नाही. डिसेंबर 2006 मध्ये बत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की घर सासूच्या नावावर असेल तर सुनेचा त्यावर दावा नाही. पुढची चौदा वर्षं सासरकडचे वकील पहिल्याच तारखेला हा निकाल पुढे करत. घर आईवडिलांच्या नावावर, मुलाचं काहीच नाही! 2020 च्या आहुजा निकालाने तो रद्द ठरवला. त्याआधी 2016 मध्ये, मुंबईतूनच गेलेल्या हरसोरा प्रकरणात 'प्रौढ पुरुष' हे शब्द कायद्यातल्या प्रतिवादीच्या व्याख्येतून गळाले आणि सासू-नणंदेविरुद्धही थेट अर्ज करता येऊ लागला.

1 जुलै 2024 पासून 498अ ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 आणि 86 ने घेतली, आशय तोच. 2005 चा कायदा मात्र तसाच आहे, आणि त्याचा खरा भार राज्य सरकारवर आहे. संरक्षण अधिकारी नेमायचे राज्याने. घटनेचा अहवाल भरणं, बाईला कोर्टापर्यंत नेणं, निवारा शोधणं ही सगळी कामं त्यांची. अर्जाची पहिली सुनावणी साधारणपणे तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लागावा, असं कायदा सांगतो. पण अनेक ठिकाणी हे पद दुसऱ्याच कुणाकडे 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून असतं. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना पुन्हा बजावावं लागलं: महिला व बालविकास विभागातले अधिकारी जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी म्हणून नेमा, आणि तेही सहा आठवड्यांत.