ऑपेरा की म्युझिकल? आधी माइक शोधा

माझी मावसबहीण न्यू जर्सीला असते. २०२४ च्या एप्रिलमध्ये तिने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात (लोक त्याला नुसतं 'मेट' म्हणतात) 'फायर शट अप इन माय बोन्स' बघितलं आणि रात्री फॅमिली ग्रुपवर मेसेज टाकला, "काय भारी म्युझिकल होतं!" त्याच्या खाली लगेच जिजाजींचा, "अगं म्युझिकल नाही, ऑपेरा." झालं, सगळे तुटून पडले. दोन्हीत गाणी, दोन्हीत ऑर्केस्ट्रा, दोन्हीत रडारड, मग फरक काय? आमच्या आईने आपलं एकच विचारलं, "पदं किती होती?"

नेहमीचं उत्तर असं देतात की ऑपेरात सगळंच गाऊन असतं आणि म्युझिकलमध्ये बोलता बोलता गाणं सुरू होतं. ऐकायला सोपं आहे पण फार टिकत नाही. मोझार्टच्या 'मॅजिक फ्लूट' ऑपेरात (१७९१) चक्क गद्य संवाद आहेत, 'कारमेन' हा ऑपेरा १८७५ मध्ये पॅरिसला पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्यातही होते, आणि उलट 'ले मिझराब्ल' किंवा 'हॅमिल्टन' ही म्युझिकल्स बघा, जवळजवळ अख्खं गाण्यात आणि तरी त्यांना सहसा म्युझिकलच म्हणतात. त्यामुळे बोलतात किती आणि गातात किती हे मोजून हाती काही लागत नाही.

माझं मत विचाराल तर आधी माइक शोधा. ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या नाट्यगृहांत, नटाच्या कपाळावर केसांच्या रेषेत एक बारीकसा वायरलेस माइक लपवलेला असतो, त्यामुळे तो कुजबुजला तरी शेवटच्या रांगेत ऐकू येतं. मेटमध्ये साधारण ३,८०० खुर्च्या आहेत, रंगमंचासमोरच्या खड्ड्यात पूर्ण ऑर्केस्ट्रा बसलेला आणि गायकाला माइक नाही. मग आवाज पोचतो कसा? जोर लावून नाही. ऑर्केस्ट्राच्या आवाजाची मुख्य ताकद ५०० हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे आवाज किती उंच ते सांगणारं माप) आसपास असते आणि तिथून वर ती घसरत जाते, तर ऑपेराचा तयार गायक, त्यातही पुरुष गायक, घसा असा घडवतो की त्याच्या आवाजाला ३,००० हर्ट्झच्या आसपास एक जादा धार येते, म्हणजे वाद्यं जिथे पातळ पडतात नेमक्या त्या फटीतून तो बाहेर पडतो. ही धार यायला वर्षं जातात, आणि एवढं गायल्यावर घशाला विश्रांती लागते म्हणून ऑपेराचे गायक मध्ये दिवस सोडून गातात, तर ब्रॉडवेवर आठवड्याला ८ प्रयोग. नुसता सोयीचा प्रश्न नाहीये हा, लिहिणाऱ्याचा हात पण यामुळे बदलतो. माइक नसेल तर स्वर लांबवावा लागतो, स्वर लांबला की वेळ लांबतो, मग एका वाक्यावर तीन मिनिटं थांबता येतं. माइक असेल तर शब्द भराभर टाकता येतात, तुटक वाक्यं, विनोद, पुटपुटणं सगळं चालतं.

आता दोन कामं शेजारी ठेवतो, कारण दोन्हींचा विषय थेट घरातून आलेल्या वारशाचा आणि स्वतःला आहे तसं मान्य करण्याचा आहे, आणि दोन्ही खऱ्या माणसांच्या आत्मकथनांवरून केलेली आहेत.

पहिलं अर्थातच 'फायर'. पत्रकार चार्ल्स ब्लो यांचं २०१४ चं पुस्तक, संगीत टेरेन्स ब्लँचर्ड यांचं, लिब्रेटो म्हणजे संहिता केसी लेमन्स यांची. सेंट लुईसला २०१९ मध्ये पहिल्यांदा झालं आणि सप्टेंबर २०२१ मध्ये मेटचा सीझनच याने उघडला. १३८ वर्षांत मेटने केलेला कृष्णवर्णीय संगीतकाराचा हा पहिला ऑपेरा, म्हणजे विचार करा. गोष्ट लुइझियानातल्या गिब्सलंड गावची. पाच मुलांची आई बिली कोंबड्यांच्या कारखान्यात राबते, नवरा बाहेरख्याली, पहिल्या अंकात तीच त्याच्यावर पिस्तूल रोखते. धाकटा चार्ल्स सात वर्षांचा असताना नात्यातलाच एक मोठा मुलगा त्याच्यावर अत्याचार करतो, तो कोणाला सांगत नाही, आणि कॉलेजात गेल्यावरही ते आत साचलेलंच असतं. पडदा उघडतो तेव्हा हाच मुलगा पिस्तूल घेऊन गाडीने गावाकडे निघालेला असतो. आईकडून काय काय आलं बघा: राग आला, पिस्तुलाकडे जाणारा हात आला, आणि 'काही गोष्टी रस्त्यातच टाकून पुढे जायचं' हे तिचं पालुपदही आलं.

दुसरं 'फन होम'. ॲलिसन बेक्डेल यांचं २००६ चं चित्रपुस्तक, संगीत जनीन टेसोरी, संवाद आणि गीतं लिसा क्रॉन. २०१३ मध्ये ऑफ-ब्रॉडवे (म्हणजे न्यूयॉर्कच्याच छोट्या थिएटरात), २०१५ मध्ये ब्रॉडवे, ५ टोनी पुरस्कार. हे पक्कं म्युझिकल. पेनसिल्व्हेनियातलं छोटं गाव, घरचा धंदा अंत्यसंस्कारांचा (फ्युनरल होमचं मुलांनी केलेलं फन होम), वडील इंग्रजीचे शिक्षक आणि जुनं घर घासूनपुसून चकचकीत ठेवण्याचं वेड असलेले. मुलगी ॲलिसन कॉलेजातून घरी कळवते की मी लेस्बियन आहे, मग तिला कळतं की वडीलही समलैंगिक आहेत आणि आयुष्यभर लपवत आलेत, आणि काही महिन्यांतच ते ट्रकखाली जातात. तिला वारसा म्हणून मिळाली ती तीच गोष्ट जी वडिलांना स्वतःमध्ये सहन झाली नाही.

गंमत म्हणजे दोन्ही नाटकांनी युक्ती तीच वापरलीय, मोठं माणूस आणि त्याचं लहानपण एकाच वेळी रंगमंचावर. पण इथेच फरक डोळ्यांना दिसतो (कानांना म्हणा). 'फन होम'मध्ये तीन ॲलिसन आहेत, लहान, कॉलेजातली आणि चाळिशीतली, आणि चाळिशीतली चित्रं काढत बाजूला उभी राहून नुसती बघते. मग एक प्रसंग येतो, वडिलांबरोबर रात्रीची ड्राइव्ह. बसायला हवी कॉलेजातली, पण गाडीत जाऊन बसते ही चाळिशीतली. शेजारी वडील. बाहेर विजेच्या, टेलिफोनच्या तारा सरकतायत आणि ती मनात म्हणतेय बोल, आत्ता बोल, आणि तोंडून निघतंय काहीतरी भलतंच. गाणं आतलं, बोलणं बाहेरचं, आणि दोन्हींच्या मधली जी फट आहे ना ती म्हणजेच तो सीन. सगळं गाऊन असतं तर ही फट दिसलीच नसती.

'फायर'मध्ये बरोबर उलटं. तिथे न बोललेलं लपत नाही, त्याला अंगच मिळतं. एकच सोप्रानो (उंच पट्टीतली गायिका) कधी नियती होऊन, कधी एकटेपणा होऊन चार्ल्सच्या शेजारी उभी राहते आणि त्याच्याशी गाते, नंतर त्याची मैत्रीणही तीच होते. मोठा चार्ल्स बॅरिटोन (पुरुषाचा मधल्या पट्टीतला आवाज) आणि लहानगा खऱ्याखुऱ्या पोराच्या आवाजात, दोघं एकत्र गातात, मोठा त्याला सावध करू बघतो पण छोट्याला ऐकूच जात नाही. शेवटी चार्ल्स पिस्तूल घेऊन घराशी पोचतो तेव्हा छोटाच त्याला विनवतो की ही कडवट गोष्ट मागे सोड. खऱ्या आयुष्यात या सगळ्याला काही क्षण लागतील, इथे ते क्षण ताणून ताणून हॉलभर पसरलेत, आणि ते ताणलेलं सहन होतं ते आवाजामुळेच.

हद्द पक्की मात्र नाही हं. टेसोरीबाई ऑपेराही लिहितात, २०२४ मध्ये मेटचा सीझन त्यांच्या 'ग्राउंडेड'ने उघडला. आणि ब्लँचर्ड मूळचे जाझचे ट्रम्पेटवाले, 'फायर'च्या ऑर्केस्ट्रात त्यांनी गिटार-पियानो-बास-ड्रम्स बसवलेत. त्यांचे वडील हौशी ऑपेरा गायक होते, न्यू ऑर्लिन्सच्या घरी हे सूर लहानपणापासून कानावर. म्हणजे वारसा तिथेही आहेच.

राहिला आईचा प्रश्न. आपलं संगीत नाटक या दोन्हींत बसत नाही, उगाच 'मराठी ऑपेरा' म्हणून मोकळं होऊ नये. किर्लोस्करांच्या १८८० च्या 'शाकुंतल'पासून आपल्याकडे गद्य आणि पदं आलटून पालटून, म्हणजे सांगाडा म्युझिकलकडे झुकणारा, पण जुने नट माइकशिवाय अख्खं थिएटर भरायचे, म्हणजे गळा ऑपेराकडे. आणि तिसरी गोष्ट दोघांकडेही सहसा नाही: गायक पद वाढवतो, रंगला तर ताना घेत बसतो, वन्स मोअर आला की परत गातो आणि दर वेळी वेगळं गातो. ऑपेरात बहुतेक स्वर कागदावर पक्के, खड्ड्यातली सगळी माणसं त्याच कागदावर चाललेली असतात, एकट्याला रेंगाळायला कुठली मुभा.

हे सगळं मी ग्रुपवर (इतकं लांब नाही) लिहिलं. मावसबहिणीने सांगितलं की तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला कॉलेजच्या पोरांचा पाय आपटत, टाळ्या वाजवत एक नाच आहे, त्याला लोकांनी इतकं उचलून धरलं की पुढचं सुरूच होईना. आईने विचारलं, "मग परत केला का?" ती म्हणाली, "नाही गं मावशी, तसं करत नाहीत तिथे."

"अगंबाई," आई म्हणाली, "आणि तिकीट केवढ्याचं होतं?"