पडद्याच्या रेडिएशनने गर्भपात होतो का?
गरोदरपणी कॉम्प्युटरसमोर बसलं की बाळाला धोका, ही भीती जुन्या जाडजूड मॉनिटरच्या काळातली आहे. १९९१ साली अमेरिकेतल्या टेलिफोन ऑपरेटर महिलांच्या अभ्यासात पडद्यासमोर काम करणाऱ्या आणि न करणाऱ्या महिलांमध्ये गर्भपाताचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. त्यामुळे ‘अँटी-रेडिएशन’ एप्रनवर पैसे घालवू नका. भीती तेवढी पक्की होते. खरा त्रास तासन् तास बसण्याचा: पाय सुजतात, कंबर धरते. अर्ध्या तासाने उठून चार पावलं चाला, पायांखाली छोटा पाट घ्या.

मात्र एक्स-रे विभागात काम असेल किंवा शिसं, थिनर, केमोथेरपीची औषधं हाताळावी लागत असतील, तर तिसऱ्या महिन्याची वाट पाहू नका. पदार्थाचं नाव डब्यावरून उतरवून घ्या, रोज किती वेळ संबंध येतो तेही लिहा आणि याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.