डब्यातले पोळीचे तुकडे

धाकट्याचे पुढचे दोन दात पडले तेव्हापासून आई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्याच्या डब्यात पोळीचे बारीक तुकडे करून देत होत्या. मला हे माहीतच नव्हतं. एके दिवशी त्यांना ताप आला, डबा मी भरला आणि दुपारी पोळी तशीच परत आली. "आजी मोडून देते," एवढंच तो म्हणाला. सकाळच्या कुकरच्या शिट्ट्या आणि रिक्षावाल्या काकांचा हॉर्न यांच्या मध्ये कुणीतरी महिनाभर हे करत होतं, आणि मी त्याच ओट्यापाशी उभी होते.

आपल्या घरांत आभार मानायची पद्धत नाही. आईला 'थँक्यू' म्हटलं तर "मला कसलं थँक्यू?" असंच ऐकायला मिळतं. यात वावगं काही नाही. सिमियन फ्लॉइड आणि सहकाऱ्यांनी 5 खंडांतल्या 8 भाषांमधली घरगुती, रोजची बोलणी तपासली. मराठी त्यांत नव्हती. 2018 साली आलेल्या त्या अभ्यासात दिसलं ते असं: कुणी मागितलेली वस्तू दिली, सांगितलेलं काम केलं, तर तोंडाने आभार मानले जातात ते साधारण 20 वेळांत एकदाच. इक्वाडोरमधल्या चापाला भाषेच्या नोंदींत तर एकदाही नाही. तरी माणसं एकमेकांची कामं करतच असतात. आपल्या माणसाने मदत करावी हे त्यांनी धरूनच चाललेलं असतं.

मग अडतं कुठे? मला वाटतं, नजरेत. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी 1979 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात 37 जोडप्यांना विचारलं, की घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती? नवरा-बायकोंना वेगवेगळं विचारलं. बहुतेक कामांत दोघांच्या उत्तरांची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर गेली. ही निव्वळ फुशारकी म्हणावी, तर भांडण उकरून काढण्यासारख्या गोष्टींतही लोकांनी स्वतःचा वाटा जास्त धरला होता. खरं कारण आठवणीत आहे. आपण घासलेली कढई हाताला आठवते. दुसऱ्याने घासलेली आपल्याला फक्त मांडणीवर स्वच्छ दिसते. जे चटकन आठवतं तेच जास्त घडलं असं मन धरतं.

म्हणून कृतज्ञता म्हणजे आधी लक्ष देणं. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो यांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एकात विद्यार्थ्यांच्या एका गटाने आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा गोष्टी लिहिल्या. कटकटी लिहिणाऱ्या गटापेक्षा ते आयुष्याबद्दल अधिक समाधानी दिसले. पुढे असे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर परिणाम बेताचाच निघाला. नैराश्यावर हा उपचार नव्हे.

बोलायचंच तर काय बोलावं, याचं उत्तर मला सारा अल्गो यांच्या कामात सापडलं. त्यांनी जोडप्यांना समोरासमोर बसवून एकमेकांचे आभार मानायला लावले. त्यात 'माझा किती फायदा झाला' यापेक्षा 'तू किती चांगलं वागलास' हे सांगणारं बोलणं ऐकणाऱ्याला जास्त भिडलं. "आई, तुम्ही डबा भरता म्हणून माझी दहा मिनिटं वाचतात," हे खरंच आहे. पण "त्याच्या दातांचं तुमच्या बरोबर ध्यानात राहिलं," यात त्या स्वतः आहेत.

एक मात्र ठामपणे सांगते. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा 97. हे अंतर गोड बोलून मिटत नाही. आमच्याकडे सोमवार आणि गुरुवारचा डबा आता यांच्याकडे आहे, आणि तुकडे करणंही.

रविवारी रात्री जेवताना आम्ही आठवड्यात दिसलेलं एकेक काम सांगतो. परवा धाकटा म्हणाला, "आजी माझी पोळी मोडते, अगदी एकसारखी." आईंनी हातातला घास ताटात ठेवला, त्याची हनुवटी धरली आणि म्हणाल्या, "आ कर बघू, आला का दात?"