दोन इंची स्पीकरातून खरजाची तार ऐकू येते कशी?

ॲपलने मे २०२२ मध्ये आयपॉड कायमचा बंद केला, पण आमच्या बेळगावात, निपाणी-खानापूर भागात काही घरांत तो अजून चालू आहे. पुणे-बेंगळूरला नोकरीला असलेल्या पोराने कधीतरी आणून दिलेला, आणि त्यात वडिलांची भजनं नि नाट्यसंगीत ठासून भरलेलं. हेडफोन कानात घालायचा कंटाळा येतो, मग स्पीकर डॉक, म्हणजे आयपॉड वर बसवून वाजवायचा स्पीकर, शोधायला लोक गणपत गल्लीत जातात आणि पहिला प्रश्न विचारतात, वॅट किती? "काका, पाच हजार वॅट हाय बगा, घर हालतंय!" असं उत्तर मिळतं आणि खोक्यावर खरंच तसं छापलेलं असतं.

त्या डॉकचा अडॅप्टर उलटा करून बघा. आउटपुट १२ व्होल्ट, २ अँपिअर असं काहीतरी लिहिलेलं असेल. गुणाकार शाळेतला, २४ वॅट. कपॅसिटरमध्ये साठलेली वीज क्षणभर जास्त जोर देऊ शकते हे मान्य, पण सलग आवाजाला २४ च्या वर एक वॅटही मिळणार नाही, उलट थोडे उष्णतेत जाणार. खोक्यावरचा तो आकडा पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा, आणि त्या मापाला कुठलंही ठरलेलं प्रमाण नाही, त्यामुळे मनाला येईल तो आकडा छापता येतो. आरएमएस, म्हणजे सलग मिळणाऱ्या ताकदीचा, आकडा विचारा. आणि वॅट दुप्पट झाले म्हणजे आवाज दुप्पट, असंही नसतं, फक्त ३ डेसिबल वाढतात, कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात.

बेसची गोष्ट तर वॅटची नाहीच, ती हवेची आहे. किती हवा ढकलता यावर खालचा सूर ठरतो, म्हणून तर मिरवणुकीतल्या डॉल्बीत १८ इंची स्पीकर रचलेले असतात. १८ इंची आणि २ इंची पडद्याच्या क्षेत्रफळात ८१ पटींचा फरक आहे. त्यात सूर एक सप्तक खाली नेला, तर तेवढाच आवाज द्यायला पडद्याला चौपट लांब मागेपुढे हलावं लागतं. डॉकमधला दोन इंची पडदा काही मिलिमीटरच हलतो, तो डॉल्बीसारखी छाती हलवणार कुठून?

पण मग त्याच डॉकवर मिरजेच्या तंबोऱ्याची खरजाची तार ऐकू येते ती कशी? मला सगळ्यात आवडतं ते हेच. गायकाचा षड्ज, म्हणजे सा, पेटीतली काळी एक धरा, म्हणजे साधारण १३८ हर्ट्झ. खरज त्याच्या निम्मा, ६९ हर्ट्झ. दोन इंची स्पीकर ६९ ला जवळपास मुका असतो. पण तार काही एकटी ६९ ने कंप पावत नाही, तिच्यात १३८, २०७, २७६, ३४५ असे पटीतले स्वर असतात, आणि जवारी, म्हणजे तार टेकते त्या घोडीची घासणी, नीट काढलेली असली तर हे वरचे स्वरच जास्त ठसठशीत असतात. स्पीकर तेवढे देतो. आता १३८, २०७, २७६ यांचा मसावि काढा, सातवीतला. ६९! या सगळ्या लहरी एकत्र झाल्यावर जो आकार होतो तो सेकंदाला ६९ वेळाच पुन्हा पुन्हा येतो, मग त्यात ६९ हर्ट्झचा घटक शून्य का असेना, आणि मेंदू ती पुनरावृत्ती पकडून आपल्याला खरज ऐकवतो. २०७, ३४५ हे विषम पटीतले काढून टाका, उरतात १३८, २७६, ४१४, मसावि १३८, खरज गायब आणि नुसता षड्ज शिल्लक. म्हणजे खालचा सूर टिकवायचा तर मधले स्वर स्वच्छ यायला हवेत.

जर्मनीत झेबेक या शास्त्रज्ञाने १८४० च्या दशकात सायरनवर (भोकांची चकती फिरवून सूर काढायचं यंत्र) हे दाखवलं तेव्हा ओमने (हो, वीजवाला ओमच) वाद घातला, की जो घटक लहरीत नाही तो सूर ऐकू येणारच नाही. हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञाचं म्हणणं, कानातच ध्वनीत विकृती होऊन खालचा सूर तयार होत असणार. पुढे १९५० च्या दशकात लिकलायडर या अमेरिकन संशोधकाने खालच्या पट्ट्यात मुद्दाम गोंगाट भरला, तिथे काही तयार झालं असतं तर ते झाकलं गेलं असतं, तरी सूर ऐकू आलाच. जुन्या लँडलाइनवर ३०० हर्ट्झच्या खालचं फारसं जात नसे, तरी मामाचा जाडा आवाज जाडाच ऐकू यायचा, तेही यामुळेच. सूर कळतो, पण डग्ग्याचा दणका अंगाला जाणवत नाही, ती हवा खरोखर ढकलावीच लागते.

 

दुकानात जाताना आपलंच रेकॉर्डिंग न्या. सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचं न्या, मागचा तंबोरा ऐकण्यासारखा असतो. खरज षड्जापासून वेगळा कळतोय का बघा. मग कुणीतरी मंद्रात उतरतंय अशी आलापी लावा. एकच स्वर घुमला आणि बाकीचे दबले, तर मागच्या भोकाचा, म्हणजे पोर्टचा अनुनाद चुकीच्या जागी आहे, बूम बूम म्हणून खपवतील, घेऊ नका. घरी डॉक भिंतीजवळ ठेवला तर बेस फुकटात वाढतो.

राहिलं कनेक्शन. २००३ पासूनच्या आयपॉडना ३० पिनांचं कनेक्टर होतं, त्यातून ॲनालॉग आवाज थेट बाहेर यायचा. २०१२ ला लाइटनिंग आलं, त्यातून आवाज डिजिटल येतो, त्यामुळे मधल्या कन्व्हर्टरमध्ये डीएसी चिप, म्हणजे डिजिटलचा ॲनालॉग आवाज करणारी चिप, नसेल तर चार्जिंग होतं पण आवाज येत नाही. अगदी जुने डॉक १२ व्होल्टच्या फायरवायर (यूएसबीसारखी जुनी जोडणी) पिनांवरून चार्ज करतात, नंतरचे आयपॉड ते घेत नाहीत, गाणं वाजतं आणि बॅटरी उतरत राहते. तेव्हा जुना डॉक स्वस्तात मिळत असेल तर आपला आयपॉड त्यावर बसवून चार्जिंगची खूण दिसते का पाहा, आणि मागे ३.५ मिमीचा ऑक्स जॅक, म्हणजे साध्या वायरने आवाज आत द्यायचं भोक, नसेल तर पैसे देऊ नका.