इंधनगळतीचा संशय आणि क्रॉसफीडचा मोह

उडत्या विमानातली इंधनगळती डोळ्यांना क्वचितच दिसते. दिवसा पंखामागे पांढरी वाफ दिसू शकते, रात्री तीही नाही. म्हणून ती पकडायची ती हिशेबाने. टाक्यांत उरलेलं आणि इंजिनांनी वापरलेलं इंधन यांची बेरीज निघतानाच्या साठ्याइतकी भरली पाहिजे. वैमानिक वाटेतल्या ठरावीक बिंदूंवर हा ताळा करतात. बेरीज कमी भरली, तर इंधन इंजिनाच्या प्रवाहमापकापर्यंत पोहोचण्याआधीच कुठेतरी जातंय. गळती मापकाच्या पुढे असेल, तर बेरीज बरोबर येते, पण एक इंजिन दुसऱ्यापेक्षा फार जास्त पिताना दिसतं.

लांब पल्ल्याच्या विमानांत हे आकडे सांभाळायला कॉकपिटमध्ये फ्लाइट इंजिनिअर हा तिसरा माणूस असे. १९८२ मध्ये बोइंग ७६७ दोनच वैमानिकांसह सेवेत आलं आणि पुढच्या पिढीत ती खुर्ची जवळजवळ नाहीशी झाली. १९८५ पासून दोन इंजिनांच्या विमानांना जवळच्या विमानतळापासून १२० मिनिटांपर्यंत दूर जाण्याची मुभा मिळू लागली. अमेरिकी नियमांत ही मर्यादा आधी ६० मिनिटांची होती. समुद्रावर एकच इंजिन उरलं तर काय, याचा विचार त्या नियमांत बारकाईने झाला होता. दोन्ही इंजिनांचं इंधन एकाच भोकातून जाईल, हा प्रसंग मात्र प्रत्यक्ष घडला तेव्हाच सगळ्यांना नीट कळला.

२४ ऑगस्ट २००१. कॅनडाच्या एअर ट्रान्सॅट कंपनीचं एअरबस ए३३० टोरांटोहून लिस्बनला निघालं होतं. विमानात ३०६ जण, कॅप्टन रॉबेअर पिशे आणि फर्स्ट ऑफिसर डर्क डियेगर. उजवं इंजिन काही दिवसांपूर्वीच बदललेलं होतं. बसवलेलं इंजिन जुन्या रचनेचं आणि त्यावरचा हायड्रॉलिक पंप नव्या रचनेचा, त्यामुळे हायड्रॉलिकची नळी इंधनाच्या नळीला घासत राहिली आणि अटलांटिकवर इंधनाची नळी फुटली.

पहिली खूण इंधनाच्या काट्यावर उमटलीच नाही. उजव्या इंजिनाच्या तेलाचं तापमान घसरलं आणि दाब वाढला, कारण थंड इंधनाचा लोंढा उष्णता-विनिमयकातून, म्हणजे इंधनाच्या थंडाव्याने तेल गार करणाऱ्या उपकरणातून, वाहत होता. तेल आणि इंधन यांचा संबंध त्या क्षणी कुणाच्या लक्षात यावा, अशी अपेक्षा करणं मला अन्यायाचं वाटतं. त्यातच शेपटीच्या टाकीतलं इंधन पंखाकडे आल्यामुळे उजवी बाजू रिकामी होतेय हे काही काळ झाकलं गेलं. ५ वाजून ३३ मिनिटांनी (जागतिक वेळ) पडद्यावर दोन पंखांतल्या इंधनाचा तोल बिघडल्याची सूचना आली.

मग वैमानिकांनी सवयीचा उपाय केला. पाठ असलेल्या क्रमाने क्रॉसफीड व्हॉल्व्ह, म्हणजे दोन्ही बाजूंच्या इंधनवाहिन्या जोडणारी झडप, उघडला, जेणेकरून डावीकडचं इंधन उजवीकडे पोहोचावं. छापील चेकलिस्टमध्ये गळतीचा संशय असल्यास हे करू नये, अशी सावधगिरीची ओळ होती. पण ती वाचलीच गेली नाही. डाव्या पंखातलं चांगलं इंधनही आता त्याच फुटक्या नळीतून जाऊ लागलं. साठा इतक्या वेगाने घटू शकतो यावर दोघांचा विश्वास बसेना. संगणकच चुकत असावा असं वाटत राहिलं. तरीही ५:४५ ला त्यांनी अटलांटिकमधल्या पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरच्या लाजेस विमानतळाकडे वळायचं ठरवलं. या निर्णयाचं मोल फार मोठं आहे.

६:१३ ला उजवं इंजिन बंद पडलं, ६:२६ ला डावं. लाजेस तेव्हा साधारण १२० किलोमीटर दूर होतं. वाऱ्यावर फिरणारी छोटी टर्बाइन आपोआप बाहेर आली आणि तिने जुजबी वीज व हायड्रॉलिक दाब पुरवला. १९ मिनिटं विमान इंजिनांविना तरंगत आलं आणि ६:४५ ला जोरात उतरलं. टायर फुटले, १८ जण जखमी झाले, प्राण कुणाचाही गेला नाही.

पोर्तुगीज तपासाचा निष्कर्ष २००४ मध्ये आला. गळतीची चेकलिस्ट पाळली असती, तर डाव्या टाकीतलं इंधन वाचलं असतं. त्यानंतर गळतीची कार्यपद्धती ठळक झाली, प्रशिक्षणात आली. तिचा गाभा असा: तोल बिघडलेला दिसला की आधी ताळा करा, गळती नाही याची खात्री होईपर्यंत क्रॉसफीड बंद ठेवा, गळती इंजिनाकडे असेल तर ते इंजिन बंद करा. समुद्रावर चालतं इंजिन स्वतःच्या हाताने बंद करणं जिवावर येतं, पण इंजिन बंद झालं की त्याच्याकडे जाणारं इंधनही थांबतं. पंखाची टाकीच फुटली असेल, तर इंजिन बंद करून गळती थांबत नाही. तिथे दुसऱ्या बाजूचं इंधन जपणं एवढंच हातात राहतं.

या शिकवणीचा खरा कस लागला ४ नोव्हेंबर २०१० रोजी. सिंगापूरहून निघालेल्या क्वांटासच्या ए३८० चं एक इंजिन फुटलं आणि त्याच्या तुकड्यांनी डावा पंख फाडला. ४६९ जणांच्या या विमानात संगणक सूचनांचा भडिमार करत होता. त्यात इंधनाचा तोल साधण्याच्याही सूचना होत्या. पंखातून इंधन गळतंय हे ठाऊक असल्याने वैमानिकांनी ते इंधन हलवलं नाही. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर परत उतरल्यावर तापलेल्या ब्रेकजवळ इंधन सांडत होतं आणि एक इंजिन काही केल्या बंद होईना. अशा वेळी प्रवाशांना घसरगुंडीवरून खाली इंधनात उतरवायचं की आतच थांबवायचं? त्यांना आत थांबवलं, अग्निशमन दलाने फेस मारला आणि मग सगळे जिन्याने सुखरूप उतरले.

२७ जून २०१६ रोजी सिंगापूर एअरलाइन्सच्या बोइंग ७७७ वर खूण पुन्हा तेलातच दिसली. मिलानला निघालेल्या या विमानाच्या उजव्या इंजिनातल्या उष्णता-विनिमयकाची नळी तडकली होती आणि इंधन तेलात मिसळत होतं. वैमानिक परत फिरले. विमान सिंगापूरला उतरलं आणि उजव्या पंखाने पेट घेतला. आग काही मिनिटांत विझली, आतले सगळे २४१ जण वाचले.